पैज शंभर दिवसांची, तयारी आधीची: हॉर्न्सडेलच्या बॅटरीचं प्रकरण

दक्षिण ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडच्या उत्तरेला दोनशेहून जास्त किलोमीटरवर जेम्सटाउन नावाचं छोटं गाव आहे. वस्ती दीड हजाराच्या आसपास, मुख्य धंदा गहू आणि मेंढ्या. याच पट्ट्यात १८६५ साली जॉर्ज गॉयडर या सरकारी भूमापकाने नकाशावर एक रेघ ओढली होती: इथवर पाऊस भरवशाचा, इथून पुढे पेरणीच्या फंदात पडू नका. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चार बरी पावसाळी वर्षं आली, लोक रेघ ओलांडून उत्तरेला गेले आणि दुष्काळात देशोधडीला लागले. त्यांच्या दगडी घरांचे सांगाडे आजही उभे आहेत. जेम्सटाउन रेघेच्या अलीकडे आहे, म्हणून टिकलं.

गावाच्या उत्तरेला पंधरा-सोळा किलोमीटरवर हॉर्न्सडेलच्या टेकड्यांवर ९९ पवनचक्क्या आहेत. त्यांच्या जवळच, एक हेक्टरपेक्षाही कमी जागेत, पांढऱ्या कपाटांच्या रांगा मांडलेल्या आहेत. १ डिसेंबर २०१७ रोजी त्या कामाला लागल्या तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी लिथियम-आयन बॅटरी होती: एका वेळी देता येणारी वीज १०० मेगावॉट, एकूण साठा १२९ मेगावॉट-तास. तो विक्रम केव्हाच मोडला. तरीही ग्रामीण भागात बॅटरी-साठवण उभारण्याचा विचार करणाऱ्याने आधी हे प्रकरण वाचावं असं मला वाटतं. मात्र ते ज्या पद्धतीने सांगितलं जातं तसं नाही. ‘इलॉन मस्कने पैज लावली आणि शंभर दिवसांत बॅटरी उभी केली’ हा त्यातला सगळ्यात गाजलेला आणि सगळ्यात कमी शिकवणारा भाग आहे.

२८ सप्टेंबर २०१६

त्या दुपारी राज्यात वादळ आलं. ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाचे चक्रीय झोत उच्चदाब वाहिन्यांवर आदळले आणि वीसहून जास्त मनोरे आडवे झाले. दोन मिनिटांत ग्रिडला व्होल्टेजचे सहा झटके बसले. इथवर नुकसान मोठं होतं, पण राज्य अंधारात जाण्याइतकं नव्हतं.

पुढचं घडलं ते पवनचक्क्यांच्या नियंत्रण-प्रणालीत. व्होल्टेज खाली गेलं की चक्की काही क्षण तग धरते आणि पुन्हा उभी राहते. पण असा झटका थोड्या वेळात किती वेळा सोसायचा याची मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये घालून ठेवलेली असते. नऊ पवनप्रकल्पांत ही मर्यादा ओलांडली गेली आणि सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॉट उत्पादन कमी झालं. ग्रिड चालवणाऱ्या संस्थेला या मर्यादेची माहितीच नव्हती. तूट भरून काढायला शेजारच्या व्हिक्टोरियाकडून येणाऱ्या हेवूड वाहिनीवरून वीज धावली, वाहिनी क्षमतेपलीकडे गेली आणि स्वतःला वाचवण्यासाठी ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली.

आता दक्षिण ऑस्ट्रेलिया एकटं पडलं. मागणी १,८०० मेगावॉटच्या वर आणि तिच्या जवळपास निम्म्याने तूट. फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदातली आंदोलनं, एरवी ५० हर्ट्झच्या आसपास स्थिर असावी लागते; ती सेकंदाला सहा हर्ट्झहून जास्त वेगाने कोसळली. अशा वेळी काही भागांची वीज आपोआप तोडून बाकीचं ग्रिड वाचवणारे रिले तिथेही होते, आपल्याकडेही असतात. पण त्यांना निदान काही दशांश सेकंद तरी हवे असतात, आणि तेवढेही मिळाले नाहीत. साडेआठ लाख ग्राहक, म्हणजे सतरा लाख माणसं, एका झटक्यात अंधारात गेली. मुंबईकरांना १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवत असेल. कारणं वेगळी होती, पण जात तीच: बाहेरून येणारी वीज तुटली आणि आतल्या आत तोल सावरता आला नाही.

हॉर्न्सडेलच्या दृष्टीने या घटनेत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. आडव्या झालेल्या वाहिन्यांपैकी एक माउंट लॉक उपकेंद्राला जोडलेली होती, आणि हॉर्न्सडेलच्या पवनचक्क्यांची वीज त्याच उपकेंद्रातून बाहेर पडते. शिवाय उत्पादन खाली आणणाऱ्या नऊ प्रकल्पांत हॉर्न्सडेलही होतं. त्याबद्दल २०१९ मध्ये तिथल्या वीज नियामकाने चार कंपन्यांना न्यायालयात खेचलं, त्यात हॉर्न्सडेलची मालक कंपनी होती. म्हणजे आरोपी आणि उपाय एकाच टेकडीवर. गाजलेल्या गोष्टीत हा तपशील सहसा गाळला जातो.

पैज, आणि तिची खरी अट

अंधाराच्या आधीच, मे २०१६ मध्ये, राज्यातलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं होतं. फेब्रुवारी २०१७ च्या उष्णतेच्या लाटेत पुन्हा भारनियमन झालं. केंद्रातलं सरकार पवनऊर्जेला दोष देत होतं, राज्यातलं सरकार बाजाराच्या नियमांना. या धुळवडीत मार्च २०१७ मध्ये टेस्लाच्या एका अधिकाऱ्याने ‘आम्ही शंभर दिवसांत हे सोडवू शकतो’ असं म्हटलं. अ‍ॅटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीचे माइक कॅनन-ब्रूक्स यांनी ट्विटरवर विचारलं, खरंच का? मस्क यांचं उत्तर आलं की करारावर सही झाल्यापासून शंभर दिवसांत बसवून चालू केली नाही, तर फुकट.

‘करारावर सही झाल्यापासून’ हे शब्द नीट वाचले तर सगळं प्रकरण उलगडतं. राज्याचे प्रमुख जे वेदरिल यांनी १४ मार्चला ५५ कोटी डॉलरची ऊर्जा योजना जाहीर केली (इथून पुढे डॉलर म्हणजे ऑस्ट्रेलियन डॉलर), त्यात १०० मेगावॉटची बॅटरी होती. प्रस्ताव मागवले गेले, नव्वदच्या आसपास कंपन्यांनी उत्सुकता दाखवली. ७ जुलैला निवड जाहीर झाली: मालक फ्रान्सची निओएन, बॅटरी टेस्लाची, जागा हॉर्न्सडेल. आणि शंभर दिवसांचं घड्याळ सुरू झालं २९ सप्टेंबरला, ग्रिडजोडणीच्या मंजुरीचं काम मार्गी लागल्यावर. त्या संध्याकाळी जेम्सटाउनजवळ झालेल्या समारंभातच मस्क यांनी सांगून टाकलं की निम्मी कपाटं बसून झाली आहेत.

यात फसवणूक नव्हती. पैजेची अट उघड होती आणि हरले असते तर पाच कोटी डॉलर किंवा जास्त बुडतील असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं. पण ट्विटपासून उद्घाटनापर्यंत पावणेनऊ महिने लागले, शंभर दिवस नव्हेत. तरी हा वेग थक्क करणाराच आहे. प्रश्न एवढाच की तो आला कुठून? कपाटं कारखान्यात भराभर तयार झाली, हा त्याचा एक भाग. दुसरा भाग जागेत होता.

जागा

वीज साठवणारी बॅटरी उभारायची म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात आधी जमीन येते. जमीन हा यातला सर्वांत सोपा भाग. माळरान कुठेही मिळतं. उच्चदाबाचं उपकेंद्र, त्यात रिकामी जागा, तिथवर जाणारा जड वाहनांचा रस्ता, आणि ‘इथे शंभर मेगावॉट आत घेता येतील, शंभर बाहेर सोडता येतील’ असं पारेषण कंपनीने लिहून दिलेलं, हे सगळं कुठेही मिळत नाही. नव्या जागी यालाच वर्षं लागतात.

हॉर्न्सडेलला यातलं जवळपास सगळं होतं. पवनप्रकल्पाचं बांधकाम २०१५ मध्ये सुरू झालं होतं आणि तीन टप्प्यांत ते ३०९ मेगावॉटपर्यंत जाणार होतं. बॅटरीची निवड झाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याचं काम चालूच होतं. क्रेन, काँक्रीट, विजेचे कामगार, राहण्या-जेवण्याची सोय, स्थानिक परिषदेशी जुनी ओळख, शेतकऱ्यांबरोबरचे जमिनीचे करार, सगळं जागेवर होतं. पवनचक्क्यांची वीज २७५ किलोव्होल्टवर नेणारी यंत्रणा बांधून झाली होती आणि तिच्याच बाजूला बॅटरी बसवायची होती. मालक एकच, त्यामुळे ‘तुमच्या उपकेंद्रातून आमची वीज जाऊ द्या’ ही वाटाघाटही नको.

ठिकाणाची आणखी एक बाजू अशी की उत्तरेकडून अ‍ॅडलेडकडे येणाऱ्या मुख्य वाहिनीवर, पवनऊर्जा जिथे दाटीने तयार होते तिथे बॅटरी बसली. शहराजवळ तीच बॅटरी बसवली असती तर तीही उपयोगी पडली असती, पण लोकांच्या घरांच्या जवळ परवानग्या काढत बसावं लागलं असतं.

कागदावरचं काम मात्र इथेही टळलं नाही. ऑस्ट्रेलियात ग्रिडला काहीही मोठं जोडायचं तर त्याचं गणिती प्रारूप आधी द्यावं लागतं: व्होल्टेज पडलं तर हे यंत्र काय करील, फ्रिक्वेन्सी घसरली तर किती वेगाने किती वीज देईल. २०१६ च्या अनुभवानंतर ग्रिडचालक या बाबतीत फारच सावध झाले होते, आणि व्हायलाच हवे होते. ज्या टेकडीवरच्या यंत्रांच्या आत काय सेटिंग आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं, तिथेच दुसरं सॉफ्टवेअरवर चालणारं यंत्र येत होतं.

बांधकामाचं वर्णन फार करण्यासारखं नाही, आणि तीच तर बॅटरीची ताकद आहे. काँक्रीटचे चौथरे, केबलचे चर, त्यावर कारखान्यातून बंद होऊन आलेली कपाटं, त्यांच्याजवळ इन्व्हर्टर, मग ट्रान्सफॉर्मर. प्रत्येक कपाटात स्वतःची थंड द्रव फिरवणारी यंत्रणा. नदी नको, कोळशाची रेल्वे नको, चिमणी नको. ३० नोव्हेंबरला, औपचारिक सुरुवातीच्या आदल्या दिवशी, तापलेल्या दुपारी बॅटरी ग्रिडला वीज देत होती. सहीपासून ६२ दिवस झाले होते.

सरकारने नेमकं काय विकत घेतलं

मला या प्रकरणात सर्वांत जास्त रस आहे तो इथे.

टीका करणाऱ्यांचं गणित सोपं होतं. १२९ मेगावॉट-तास म्हणजे काय? अंधाराच्या क्षणी राज्याची जी मागणी होती तिला ही सगळी साठवण एकदम ओतता आली असती, तरी सव्वाचार मिनिटांत बॅटरी रिकामी. तेव्हाचे केंद्रीय अर्थमंत्री स्कॉट मॉरिसन यांनी रस्त्याकडेच्या पर्यटकी पुतळ्यांशी तुलना केली: जगातलं सर्वांत मोठं केळं, सर्वांत मोठी कोळंबी, तशी ही सर्वांत मोठी बॅटरी. गणित बरोबर होतं, पण प्रश्न चुकीचा होता. २०१६ मध्ये राज्याला चार तासांची वीज कमी पडली नव्हती. कमी पडले होते ते काही सेकंद.

म्हणून करारही तसाच झाला. १०० पैकी ७० मेगावॉट सरकारसाठी राखीव, तेही फक्त दहा मिनिटांसाठी. हेवूड वाहिनी तुटण्याच्या बेतात आहे असा इशारा आला की सेकंदाच्या सहाव्या-सातव्या भागात बॅटरीने पूर्ण ताकदीने वीज सोडायची. दहा मिनिटांत गॅसची केंद्रं जोर धरतात, तोवर किल्ला लढवायचा. उरलेले ३० मेगावॉट आणि साठवणुकीचा बहुतांश भाग कंपनीच्या धंद्यासाठी मोकळा: वारा जोरात असताना स्वस्त वीज भरायची, संध्याकाळी महाग विकायची. प्रकल्पाचा खर्च नऊ कोटी डॉलरच्या आसपास होता. सरकारने यंत्र विकत घेतलं नाही, सेवा घेतली: वर्षाला सुमारे ४० लाख डॉलर, दहा वर्षं. बॅटरी झिजली, बाजारभाव पडले, तर ती चिंता मालकाची.

आपल्याकडच्या निविदांत अजूनही बॅटरी म्हणजे ‘इतके मेगावॉट, इतके तास, महिन्याला मेगावॉटमागे इतके रुपये’ अशी मोजली जाते. संध्याकाळची मागणी भागवायची असेल तर ते मोजमाप चालतं. पण यंत्राची मुख्य किंमत त्याच्या चपळाईत असेल, तर तासांवर मोजून ती हाती लागत नाही.

पहिल्या दोन वर्षांत काय झालं

उद्घाटनाला दोन आठवडे होत होते. १४ डिसेंबर २०१७ च्या पहाटे दोनच्या सुमाराला व्हिक्टोरियातल्या लॉय यांग केंद्राचा ५६० मेगावॉटचा कोळसा-संच अचानक बंद पडला. अंतर हजार किलोमीटर, पण जोडलेल्या ग्रिडमध्ये फ्रिक्वेन्सी सगळीकडे एकच असते. ती ४९.८ हर्ट्झपर्यंत घसरली तेव्हा हॉर्न्सडेलने ७.३ मेगावॉट वीज सोडली. ज्या कोळसा-केंद्राला त्या वेळी हे काम करण्याचे पैसे मिळत होते, त्याच्या काही सेकंद आधी.

जगभर बातम्या झाल्या की बॅटरीने ग्रिड वाचवलं. ५६० च्या तुटीत ७.३ म्हणजे सव्वा टक्का. वाचवलं वगैरे काही नाही. पण मोजणाऱ्यांना जे कळायचं ते कळलं: हे यंत्र माणसाने बटण दाबायची वाट बघत नाही.

खरी कसोटी २५ ऑगस्ट २०१८ ला आली. विजा कोसळल्याने क्वीन्सलंडला जोडणारी वाहिनी तुटली आणि लगोलग दक्षिण ऑस्ट्रेलियाही वेगळं पडलं. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात ग्राहकांची वीज तोडावी लागली. दक्षिण ऑस्ट्रेलियात कोणाचीही तुटली नाही. त्याचं सगळं श्रेय एका बॅटरीला देणं चूक ठरेल, पण ज्या बिघाडाची २०१६ नंतर धास्ती होती तो घडला आणि दिवे चालू राहिले.

पैशाची बाजू अनपेक्षित निघाली. ग्रिडची फ्रिक्वेन्सी सांभाळण्याची सेवा बाजारात वेगळी विकत घेतली जाते. दक्षिण ऑस्ट्रेलियात ती देणारी मोजकी गॅसकेंद्रं होती, आणि वाहिनीची दुरुस्ती वगैरे निघाली की दर मेगावॉट-तासाला हजारो डॉलरपर्यंत जात. नवा, स्वस्त विक्रेता आल्याबरोबर हे भाव कोसळले. ऑरिकॉन या सल्लागार संस्थेच्या अहवालांनुसार या सेवेवरचा खर्च २०१८ मध्ये सुमारे चार कोटी डॉलरने आणि २०१९ मध्ये ११.६ कोटी डॉलरने वाचला. नऊ कोटींच्या यंत्राने. यात चमत्कार नाही. मूठभरांची मक्तेदारी असलेल्या छोट्या बाजारात एक नवा गडी उतरला की असंच होतं, आणि म्हणूनच दहावी किंवा विसावी बॅटरी आली की एवढी बचत होत नाही. पहिलीचे आकडे दाखवून पुढच्यांसाठी पैसे मागणाऱ्यांपासून जरा सांभाळून राहावं.

मार्च २०१८ च्या निवडणुकीत वेदरिल हरले. नवं सरकार विरोधी पक्षाचं. पण नोव्हेंबर २०१९ मध्ये बॅटरी निम्म्याने वाढवायचं ठरलं तेव्हा त्याच सरकारने दीड कोटी डॉलर दिले. सप्टेंबर २०२० मध्ये ती १५० मेगावॉट आणि १९३.५ मेगावॉट-तासांची झाली. दरम्यान ३१ जानेवारी २०२० ला पश्चिम व्हिक्टोरियात वादळाने मनोरे पाडले आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया जवळपास अडीच आठवडे बाकी ग्रिडपासून तुटून राहिलं. तेवढे दिवस राज्याने आपला तोल आपणच सांभाळला.

सेटिंगचा घोळ, पुन्हा एकदा

२०१९ मधली एक गोष्ट प्रसिद्धीपत्रकांत नाही. ९ ऑक्टोबरला क्वीन्सलंडमधला कोगन क्रीकचा मोठा संच बंद पडला. फ्रिक्वेन्सी घसरली. हॉर्न्सडेलने प्रतिसाद दिला, पण जेवढा देण्याचे पैसे घेतले होते तेवढा नाही. ग्रिडचालकांनी नोंदी तपासल्या. २३ जुलै ते १४ नोव्हेंबर या काळात बॅटरी बाजारात जी सेवा देऊ करत होती ती पूर्णपणे देण्याच्या स्थितीतच नव्हती. नियामक २०२१ मध्ये न्यायालयात गेला, कंपनीने चूक मान्य केली, आणि जून २०२२ मध्ये नऊ लाख डॉलर दंड झाला.

दंड फार मोठा नाही. मुद्दा वेगळा आहे. त्या चार महिन्यांत बॅटरी बंद नव्हती, जळली नव्हती, कपाटं जागेवर होती आणि दिवे लुकलुकत होते. बाहेरून बघणाऱ्याला काहीही कळलं नसतं. कोळशाचा संच बिघडला तर तो बंद पडतो, आवाज होतो, अधिकारी धावतात. सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या यंत्राचा बिघाड संकट येईपर्यंत लपून राहू शकतो. २०१६ मध्ये पवनचक्क्यांच्या बाबतीत हेच झालं होतं, त्याच टेकडीवर. म्हणून चालू करतानाची तपासणी एकदाच करून भागत नाही. सेटिंगला हात लागला की पुन्हा करावी लागते, आणि ती करण्याचा अधिकार मालकाबाहेरच्या कोणाकडे तरी असावा लागतो.

त्याच सॉफ्टवेअरची चांगली बाजू जुलै २०२२ मध्ये दिसली. जुन्या वीजकेंद्रांत टनावारी वजनाची चक्रं फिरत असतात. पुरवठा अचानक तुटला तरी ती फिरत राहतात आणि फ्रिक्वेन्सी हळू घसरते. कडबाकुट्टीची मोटर बंद केली तरी जड चाक काही वेळ गवत कापतच राहतं, तसं. कोळसा गेला की हे जडत्वही जातं, आणि २०१६ मध्ये रिलेंना वेळ मिळाला नाही तो त्यामुळेच. हॉर्न्सडेलच्या इन्व्हर्टरांना तशा चाकासारखं वागायला शिकवलं गेलं आणि सुमारे २,००० मेगावॉट-सेकंद एवढं जडत्व ती देऊ लागली. राज्याच्या तुटीचा साधारण १५ टक्के भाग. नवं यंत्र आलं नाही, नवी जमीन घेतली नाही, बदलला तो प्रोग्राम.

आगीबद्दल

गावात बॅटरी येणार म्हटल्यावर सभेत पहिला प्रश्न आगीचा येतो, आणि तो रास्त आहे. हॉर्न्सडेलमधून त्याचं उत्तर मिळत नाही. मिळतं ते त्याच कंपन्यांच्या पुढच्या प्रकल्पातून. व्हिक्टोरियातल्या जिलाँगजवळ मूराबूल इथे ३०० मेगावॉटची बॅटरी उभी राहत असताना, ३० जुलै २०२१ रोजी, चाचणीच्या काळात एका कंटेनरएवढ्या संचाने पेट घेतला. वाऱ्यामुळे ज्वाळा शेजारच्या संचाच्या छतावर वाकल्या आणि तोही पेटला. दीडशेच्या आसपास अग्निशामक आले. जवळच्या वस्त्यांना दारं-खिडक्या लावून घरात बसायला सांगितलं गेलं. आग चार दिवसांनी पूर्ण थांबली. कोणी जखमी झालं नाही आणि दोनशेहून जास्त संचांपैकी दोनच गेले.

चौकशीत निघालं ते असं. शीतक द्रवाची गळती, त्यातून शॉर्ट सर्किट, त्यातून उष्णता. पण त्याआधी तो संच काही तासांच्या चाचणीनंतर किल्लीने बंद करून ठेवलेला होता. बंद केल्यामुळे त्याची देखरेख आणि काही संरक्षक यंत्रणाही बंद पडल्या, म्हणून धोक्याचा इशारा नियंत्रण कक्षापर्यंत गेलाच नाही. संचाची माहिती कक्षाला दिसू लागायला तेव्हा चोवीस तास लागत. नंतर ती वेळ एका तासावर आणली. छतावरच्या झडपांना पोलादी कवच बसवलं. आग लागल्यावर जवानांनी पेटलेल्या संचावर पाणी मारण्यापेक्षा शेजारचे संच थंड ठेवण्यावर भर दिला आणि पेटलेला जळून संपू दिला. पद्धत तीच आहे.

म्हणजे गावकऱ्यांनी विचारायचं ते ‘आग लागेल का’ एवढंच नाही. दोन संचांत अंतर किती, वारा कुठल्या बाजूचा, जवळची वस्ती किती लांब, पाण्याची टाकी किती मोठी आणि ती कोण भरून ठेवणार, जवळच्या अग्निशमन केंद्राच्या माणसांना आत नेऊन आराखडा दाखवला का, आणि बांधकामाच्या काळात, म्हणजे देखरेख अर्धवट जोडलेली असताना, रात्री तिथे कोण असणार.

आपल्याकडे येताना

भारतात केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ४,००० मेगावॉट-तास बॅटरी-साठवणीसाठी भांडवली खर्चाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत तूट भरून देण्याची योजना मंजूर केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नव्या सौर निविदांत क्षमतेच्या किमान दहा टक्के, दोन तासांची साठवण त्याच जागी असावी असा सल्ला दिला. म्हणजे यापुढे बऱ्याच बॅटऱ्या गावांच्या शिवारात, उपकेंद्रांच्या कुंपणाला लागून येणार. हॉर्न्सडेलसारख्या, आधीच जोडणी असलेल्या जागाही आपल्याकडे आहेत. साताऱ्याच्या पठारांवरच्या जुन्या पवनचक्क्यांच्या वाहिन्या कुठवर जातात ते बघावं.

जमिनीच्या भावाचं मात्र आत्ताच बोलायला हवं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्राजवळच्या जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलं आहे. सौर पॅनेलसाठी हा हिशेब शेतकऱ्याला परवडतो, कारण पॅनेल जमीन खातात: मेगावॉटला चार-पाच एकर धरले तर १०० मेगावॉटला १६० ते २०० हेक्टर, म्हणजे दोन ते अडीच कोटी भाडं, अनेक खातेदारांत वाटलेलं. हॉर्न्सडेलची १०० मेगावॉटची बॅटरी एका हेक्टरच्या आत मावली. त्याच दराने तिचं वर्षाचं भाडं सव्वा लाख. आगीच्या अंतरांसाठी जागा चौपट धरली तरी पाच लाख. त्या एका हेक्टरची किंमत मातीत नसून उपकेंद्रापर्यंतच्या दोनशे मीटर केबलमध्ये आहे, आणि हे कंपनीला पक्कं माहीत असतं. त्यामुळे बॅटरीसाठी जमीन देणाऱ्याने बोलणी हेक्टरवर न करता मेगावॉटवर करावीत, क्षमता वाढवली की भाडंही वाढेल हे करारात घालून घ्यावं (हॉर्न्सडेल तीन वर्षांच्या आत दीडपट झाली), आणि मुदत संपल्यावर कपाटं, केबल आणि काँक्रीट कोणाच्या खर्चाने उचलली जातील ते कंपनीच्या नावाने नव्हे, बँक हमीने बांधून घ्यावं.